निळी तार, काळी तार

आपल्याकडच्या थ्री-फेज पॅनलमध्ये लाल, पिवळी, निळी या तीन तारा फेजच्या. काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची. आयटीआयच्या पहिल्या काही आठवड्यांतच हे पाठ होतं आणि मग हातात उतरतं. दहा वर्षं काम केलेल्या वायरमनला तार ओळखताना विचार करावा लागत नाही. तोच वायरमन जर्मनीत कामाला गेला की रंग बदलतात. तिथे तपकिरी, काळी आणि राखाडी या तारा फेजच्या, निळी न्यूट्रलची, आणि हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची अर्थिंगची. पुरवठा जवळजवळ आपल्यासारखाच आहे: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, तीन फेजमध्ये ४०० व्होल्ट. ओहमचा नियम तोच, मोटरही तशीच फिरते. पण सांगलीत जी काळी तार न्यूट्रल म्हणून हाती येते ती श्टुटगार्टच्या घरात फेज असते, आणि निळीचं याच्या बरोबर उलट.

जुन्या घरांत तर याहून अवघड. १९६५ सालापर्यंत जर्मनीत अर्थिंगची तार लाल असायची, न्यूट्रल राखाडी आणि फेज काळी. दुरुस्तीला गेल्यावर १९५० च्या दशकातली इमारत समोर आली की भिंतीतून हे जुने रंग निघतात. त्यातच १९७३ पर्यंत नव्या घरांतही दोनच तारा सॉकेटपर्यंत आणून तिथेच न्यूट्रलवरून अर्थच्या पट्टीला जोड मारायची पद्धत चालत होती. अशा घरात मागे कुठे न्यूट्रल तुटली, तर वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर थेट फेज येतो. लाल म्हणजे फेज आणि हिरवं नाही म्हणजे अर्थिंग नाही, असं मानणारा हात तिथे हमखास फसतो. उपाय एकच, मोजून बघायचं.

परदेशात कारागिरीचं काम मिळवण्याच्या गप्पा बहुतेक वेळा व्हिसा, पगार आणि भाषेच्या पातळ्या यांच्याभोवतीच फिरतात. ते सगळं पुढे येतंच आहे. तारांपासून सुरुवात करायचं कारण वेगळं. आपल्या वायरमनच्या कौशल्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. जुन्या वाड्यात, वाढलेल्या लोडवर, मिळेल त्या साहित्यात तो वीज चालू ठेवतो. जर्मनीत मात्र त्याला दोन प्रश्न विचारले जातात: हे मोजून दाखवता येईल का, आणि मोजलेलं कागदावर लिहून खाली सही करता येईल का? हेच प्रश्न भिंतीपाशी, हेच कारागिरांच्या चेंबरच्या कार्यालयात आणि हेच वकिलातीच्या खिडकीपाशी. ज्याला हे आधी कळलं त्याचं पहिलं वर्ष बरंच सोपं जातं.

खिशातला स्क्रूड्रायव्हर-टेस्टर हा आपला जिवाभावाचा साथी. जर्मन साइटवर लाइन बंद असल्याचा पुरावा म्हणून तो चालत नाही, आणि त्याला कारण आहे. त्यातला निऑन दिवा आपल्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या अगदी बारीक करंटवर पेटतो. कोरड्या लाकडी शिडीवर उभं असलं की तो मिणमिणतो, उन्हात दिसत नाही, आणि दिवा खराब असेल तर फेज असूनही गप्प बसतो. तिथे दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर वापरतात. तो आधी चालू लाइनवर लावून नीट चालतोय का बघायचं, मग बंद केलेल्या सर्किटवर सगळ्या तारांच्या जोड्यांमध्ये आणि प्रत्येक तार ते अर्थ असं तपासायचं, आणि पुन्हा चालू लाइनवर टेस्टरची खात्री करायची. हे ज्या पाच नियमांत बसतं ते शिकाऊ मुलाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले पाहिजेत: लाइन पूर्ण तोडा, पुन्हा कुणी चालू करणार नाही याचा बंदोबस्त करा, वीज नाही याची खात्री करा, अर्थ करून शॉर्ट करा, शेजारचे चालू भाग झाका. मुलाखतीला हे पाच नियम जर्मनमध्ये क्रमाने म्हणता आले तर समोरच्या मालकाच्या मनातला निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

जोड मारायची पद्धतही सोडावी लागते. तारा पिळून वर टेप गुंडाळलेला जोड तिथे कुणी पास करत नाही. वागो कंपनीच्या क्लॅम्पमध्ये तार ११ मिमी सोलून घालायची आणि कळ दाबायची. मल्टिस्ट्रँड तार स्क्रूच्या टर्मिनलमध्ये घालायची असेल तर आधी टोकाला कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची बारीक नळी चढवून ती खास पकडीने दाबून घ्यायची, नाहीतर स्क्रूखाली बारीक तारा तुटत जातात, संपर्क ढिला पडतो आणि टर्मिनल तापतं. आपल्याकडे पाइपमधून मल्टिस्ट्रँड तारा ओढायची सवय. तिकडे घरातलं बरंचसं काम एकसंध तांब्याच्या एनवायएम केबलने होतं. तिच्या नावापुढे 'योट' अक्षर असलं तर आत हिरवी-पिवळी तार आहे, 'ओ' असलं तर नाही. दिव्यांना दीड चौरस मिमी, सॉकेटना दीड किंवा अडीच, शेगडीला पाच तारांची अडीचची केबल. ही केबल ताठ असते. पहिले काही दिवस बोटं दुखतात.

भिंतीत ती कुठून न्यायची हेही ठरलेलं आहे. छताच्या खाली १५ ते ४५ सेंटिमीटर, जमिनीच्या वर १५ ते ४५ सेंटिमीटर, आणि दाराच्या किंवा कोपऱ्याच्या बाजूने १० ते ३० सेंटिमीटर, मुख्यतः याच पट्ट्यांतून. तिरकी झिरी मारून केबल वाचवली तर ती पुन्हा उकरून काढावी लागते. वीस वर्षांनी कुणी तिथे चित्र टांगायला ड्रिल मारणार आहे आणि त्याला न बघता कळलं पाहिजे की केबल कुठे नसेल. स्विचचा मध्य जमिनीपासून १०५ सेंटिमीटर, स्विचच्या डब्याचं भोक ६८ मिमी, शेजारच्या डब्याचा मध्य बरोबर ७१ मिमीवर. दोन मिलिमीटर चुकलं तर पुढची चौकट बसत नाही आणि फटीतून चूक कायम दिसत राहते. सॉकेटला स्विच नसतो आणि प्लग कुठल्याही बाजूने जातो, त्यामुळे उजवीकडे फेज हा आपला आग्रह तिथे लागू नाही.

आणि मग मोजमाप. नवं सर्किट चालू करण्याआधी बघणं, चालवून पाहणं आणि मोजणं, या तिन्हींची नोंद ठरावीक फॉर्ममध्ये करायची. अर्थची तार शेवटच्या सॉकेटपर्यंत सलग आहे का. ५०० व्होल्ट डीसीवर इन्सुलेशन किमान १ मेगओहम आहे का. ३० मिलिअँपिअरचं आरसीडी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारं उपकरण, ३०० मिलिसेकंदांच्या आत पडतं का. थ्री-फेज सॉकेटमध्ये फेजचा क्रम बरोबर आहे का. लूप इम्पिडन्सचं, म्हणजे शॉर्ट झाल्यावर करंट ज्या वाटेने फिरतो तिच्या एकूण अडथळ्याचं, गणित तर तोंडपाठ हवं. 'बी १६', म्हणजे बी प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी त्याच्या पाचपट करंटला, म्हणजे ८० अँपिअरला, झटक्यात पडायची खात्री असते. २३० ला ८० ने भागलं की २.८७ ओहम. लूप त्याहून मोठा भरला तर शॉर्टमध्येही एमसीबी वेळेवर पडणार नाही. आपल्याकडे सवयीने 'सी' प्रकारचा एमसीबी लावला जातो. त्याला दहापट करंट लागतो, म्हणजे मर्यादा १.४४ ओहमवर येते, आणि लांबच्या केबलवर सर्किट नापास होतं. आपल्याकडेही मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं उपकरण, वापरणारे उत्तम लोक आहेत, पण ते बहुधा कारखान्यात असतात. घरच्या वायरिंगला मेगर क्वचितच लागतो, आणि जर्मनीला जायची इच्छा असलेल्या मुलाने हे एक उपकरण तरी इथेच हाताळून बघावं.

आता कागद. २०२० च्या मार्चमध्ये जर्मनीत कुशल कामगारांच्या स्थलांतराचा कायदा लागू झाला आणि २०२३-२४ मध्ये तो टप्प्याटप्प्याने सैल झाला. कारागिराला त्यात मुख्यतः तीन वाटा आहेत, आणि आपल्या मुलांचा सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा चुकीची वाट धरल्यामुळे जातो.

पहिली वाट म्हणजे इथूनच आपल्या शिक्षणाची जर्मन शिक्षणाशी तुलना करून घेणं. यात अर्ज कुठे करायचा ते कामावर ठरतं. घरांची-इमारतींची वायरिंग करणाऱ्याचं जर्मन जोडपद, म्हणजे ज्याच्याशी त्याचं काम ताडून बघतात तो तिथला व्यवसाय, हस्तव्यवसायात मोडतं आणि त्याचा अर्ज त्या भागातल्या हांडव्हेर्क्सकामरकडे, म्हणजे कारागिरांच्या चेंबरकडे जातो. कारखान्यात मेंटेनन्स करणाऱ्याचं जोडपद उद्योगात मोडतं आणि त्याचा अर्ज न्यूर्नबर्गच्या आयएचके फोझा या उद्योगांच्या चेंबरच्या कार्यालयाकडे. दोन्हींचा अभ्यासक्रम वेगळा आहे. चाकण एमआयडीसीत सहा वर्षं पीएलसी आणि मोटर कंट्रोल केलेल्या मुलाने घरच्या वायरिंगचं पद निवडलं तर त्याचा अनुभव तुलनेत बसतच नाही. शुल्क साधारण १०० ते ६०० युरो, आणि कागद पूर्ण झाल्यापासून निकालाला तीन महिने. निकाल बहुतेक वेळा 'अंशतः समतुल्य' असा येतो. तो नकार समजून खचायचं कारण नाही. त्यात काय कमी आहे ते लिहिलेलं असतं आणि ते भरून काढायला वेगळा व्हिसा आहे.

दुसरी वाट २०२४ च्या मार्चपासून उघडली आणि माझ्या मते आपल्या वायरमनसाठी हीच सगळ्यात चांगली. आधी नोकरीचा करार, मग तिथे पोहोचून पगार घेत घेत मान्यतेचं काम. मालक आणि कामगार दोघांनी ते पूर्ण करण्याची लेखी हमी द्यायची, तीन वर्षांपर्यंत मुदत. अट अशी की जर्मन किमान ए-२ पातळीची हवी आणि शिक्षण सरकारमान्य व किमान दोन वर्षांचं हवं. इथे आयटीआयचा ट्रेड निर्णायक ठरतो. इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे, म्हणून चालतात. वेल्डर आणि प्लंबर एक वर्षाचे, म्हणून अडतात, हात कितीही सरस असला तरी. मला हे अन्यायाचं वाटतं, पण नियम असा आहे आणि एजंट तो सांगत नाहीत. एक वर्षाच्या ट्रेडवाल्यासाठी प्रामाणिक सल्ला असा की वय कमी असेल तर बी-१ जर्मन करून तिथली साडेतीन वर्षांची आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत करत घ्यायचं प्रशिक्षण, सुरुवातीपासून करावी. तिच्यात पहिल्या वर्षापासून विद्यावेतन मिळतं. २०२५ मध्ये सुरू करणाऱ्यांसाठी कायद्याने किमान ६८२ युरो महिना.

तिसरी वाट अनुभवाची. दोन वर्षांचं सरकारमान्य शिक्षण, गेल्या पाच वर्षांतला दोन वर्षांचा अनुभव, मान्यतेची गरज नाही. पण पगार मोठा हवा, २०२५ साठी वर्षाला ४३,४७० युरो. छोट्या वायरिंग फर्ममध्ये नवख्याला एवढा पगार सहसा मिळत नाही. मालक सामूहिक वेतनकराराने बांधलेला असेल तर ही पगाराची अट लागत नाही, म्हणून मोठ्या कंपनीशी बोलताना ते आधी विचारावं. संधी कार्डाची, म्हणजे तिथे जाऊन नोकरी शोधायच्या परवान्याचीही खूप चर्चा असते. २०२५ मध्ये त्यासाठी महिन्याला १,०९१ युरो या हिशेबाने वर्षाचे तेरा हजारांवर युरो दाखवावे लागत होते. शेत गहाण ठेवून असे पैसे उभे करण्याआधी दुसऱ्या वाटेने मालक शोधायचा प्रयत्न नक्की करावा.

या सगळ्यात सगळ्यात दुबळा कागद म्हणजे अनुभवाचा दाखला. 'यांनी आमच्याकडे इलेक्ट्रिशियन म्हणून समाधानकारक काम केले' एवढ्या ओळीने जर्मन चेंबरला काहीच कळत नाही. ते त्यांच्या अभ्यासक्रमाची यादी समोर ठेवून एकेक बाब शोधतात. दाखल्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, आणि मग कामं हवीत: किती किलोवॅटच्या मोटर जोडल्या, स्टार-डेल्टा स्टार्टर बांधले का, पॅनल आकृतीवरून वायर केलं का, कुठल्या मापाची केबल टाकली, अर्थ टेस्ट आणि मेगर केला का, दोष कसे शोधले. ठेकेदाराकडे हाती रोख पगारावर काम केलेल्यांनी नोकरी सोडण्याआधीच हा दाखला लेटरहेडवर, शिक्का-सहीसकट घ्यावा. नंतर ठेकेदार भेटत नाही. मार्कशीटवरचं नाव, पासपोर्टवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव अक्षराला अक्षर जुळलं पाहिजे. वडिलांचं नाव मध्ये, आडनाव आधी, ही आपली पद्धत तिथे तीन वेगळी माणसं उभी करते. भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच. आणि कागद खरोखरच नसतील तर प्रत्यक्ष काम करून दाखवायची सोय आहे: चेंबरच्या तज्ज्ञासमोर नमुना काम करायचं, तोंडी प्रश्नांना उत्तरं द्यायची. आपल्या हातावर विश्वास असलेल्या माणसाला ही परीक्षा न्याय देते.

महाराष्ट्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. पहिल्या टप्प्यात १०,००० जणांचं उद्दिष्ट ठेवलं. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, त्यामुळे नातं जुनं आहे. पण करार झाला म्हणून कुणाचीही मान्यता, भाषा किंवा व्हिसाची अट माफ झालेली नाही, आणि नेमका हाच गैरसमज विकला जातो. परदेशी नोकरी लावून देणारा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला हवा, आणि भारतीय नियमानुसार तो कामगाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच शुल्क घेऊ शकतो. पाच लाख मागणारा, 'जर्मन लागत नाही' म्हणणारा आणि करार न दाखवणारा, तिघांपासूनही दूर राहावं. करारात आणखी एक गोष्ट वाचायची: नोकरी भाडेतत्त्वावर कामगार पुरवणाऱ्या कंपनीची आहे का. जर्मन कायद्यात अशा कामासाठी रोजगार खात्याची संमती नाकारली जाते, म्हणजे कुशल कामगाराचा व्हिसाही होत नाही. नेटवरच्या जाहिरातींत अशा कंपन्या भरपूर असतात आणि सगळ्यात लवकर उत्तरही त्यांचंच येतं.

खरी कामं छोट्या फर्ममध्ये असतात, जिथे माइस्टर, म्हणजे वरची परीक्षा पास झालेला उस्ताद, स्वतः, त्याची बायको हिशेबाला आणि आठ-दहा कारागीर. सोलर, हीट पंप, गाडीचे चार्जर यांमुळे त्यांना माणसं मिळत नाहीत. मात्र इंग्रजी ई-मेलला उत्तर द्यायला त्यांच्याकडे कुणी नसतं. एका पानाचा जर्मन बायोडेटा, केलेल्या पॅनलचे चार-पाच फोटो, आणि मग सकाळी कामाला निघायच्या आधी किंवा दुपारी चारनंतर फोन. फोनवर तीन वाक्यं नीट आली तरी पुरे: मी कोण, काय करतो, भाषा कुठपर्यंत आली. जाहिरातीत 'बी वर्गाचा परवाना' असं हमखास लिहिलेलं असतं, कारण साइटवर व्हॅन घेऊन जायचं असतं. भारतीय परवाना तिथे राहायला लागल्यापासून सहा महिनेच चालतो. मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. लेखी इंग्रजीत देता येते. पोहोचल्याच्या पहिल्या महिन्यात ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालावं.

ए-२ पातळीवर व्हिसा मिळतो. साइटवर मात्र ती तोकडी पडते. मॅक्स म्युलर भवनात शिकलेली स्वच्छ जर्मन श्वाबियातल्या, म्हणजे श्टुटगार्टच्या परिसरातल्या, मिस्त्रीच्या तोंडून ऐकू येत नाही. आकड्यांत मराठी माणसाला फायदा आहे: एकवीस, बावीस अशी एककं आधी म्हणायची आपल्याला जन्मापासून सवय, जर्मनही तसंच म्हणतात, त्यामुळे शिडीवरून ओरडून सांगितलेलं माप आपण उलटं लिहीत नाही. बाकी शब्द हत्यारांपासून सुरू करावेत. आणि न कळलेल्या सूचनेला मान डोलवायची सवय पूर्ण मोडावी. लाइन चालू आहे की बंद, हा प्रश्न समजला नसताना दिलेला होकार कुणाचा तरी जीव घेऊ शकतो. पुन्हा विचारलं तर कुणी कमी लेखत नाही.

पहिल्या पंधरवड्यातलं काम ठरलेलं: घरमालकाचं पत्र घेऊन १४ दिवसांत पत्त्याची नोंदणी. तिच्यावरून कर क्रमांक पोस्टाने येतो, आणि तो वेळेवर मालकाला दिला नाही तर पगारातून सगळ्यात जड वर्गाचा कर कापला जाऊ शकतो. अविवाहित माणसाचे ३,२०० युरो हातात येताना साधारण २,१०० ते २,२०० होतात. पेन्शन, आरोग्य, बेकारी, शुश्रूषा विमा, सगळं त्यातून जातं. बायको महाराष्ट्रात असेल तर विवाहितांचा हलका करवर्ग मिळत नाही, हे घरी पैसे पाठवायचं वचन देण्याआधी ठाऊक हवं. सुरुवातीचे सहा महिने परीक्षेचे असू शकतात आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. बुटांपासून हेल्मेटपर्यंत संरक्षक साहित्य देणं मालकाचं कर्तव्य. आजारी पडलात तर पहिल्याच दिवशी कामाच्या वेळेआधी फोन करणं तुमचं.

पूर्ण मान्यतेचा कागद हाती आला की बऱ्याच गोष्टी हलतात. कुशल कामगाराच्या परवान्यावर तीन वर्षं आणि बी-१ भाषा झाली की कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. विजेच्या कामाचा स्वतःचा धंदा मात्र तिथे कुणालाही उघडता येत नाही. त्याला माइस्टर लागतो, किंवा मान्यताप्राप्त कारागीर म्हणून सहा वर्षं, त्यातली चार जबाबदारीच्या जागी. माइस्टरची परीक्षा चार भागांची. प्रत्यक्ष काम, धंद्याचं तंत्र, हिशेब-कायदा, आणि शिकाऊंना शिकवणं. शेवटचे दोन भाग सगळ्या धंद्यांना सारखे असल्याने जर्मन मुलं ते संध्याकाळच्या वर्गात आधी उरकून घेतात. आपल्या माणसाने क्रम उलटा ठेवावा, कारण या दोन भागांत भाषा सगळ्यात जड आहे, आणि तोवर साइटवर आणखी दोन वर्षं ती कानावर पडलेली असेल.